मदत हवी आहे : नाव न सांगता गुन्ह्याची माहिती द्या, असे रहिवाशांना कोणत्या शब्दांत सांगावे?

नमस्कार.

पुण्याच्या दक्षिण भागात, कालव्यालगत असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेची मी सचिव आहे. आमची आणि शेजारच्या दोन सोसायट्यांची मिळून गणेशोत्सवापूर्वी एक पत्रक काढायचे ठरले आहे. परिसरातील गुन्ह्यांची माहिती रहिवाशांनी पोलिसांना द्यावी, आणि भीती वाटत असल्यास नाव न सांगता द्यावी, असे आवाहन त्यात करायचे आहे. मसुद्याचे काम माझ्याकडे आहे. "आपले नाव गुप्त राहील" हे एक वाक्य सोडून बाकी सगळे लिहून झाले आहे. ते वाक्य कशाच्या आधारावर लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. कालव्याच्या कडेला एक ओस पडलेली पत्र्याची शेड आहे. दिवेलागणीनंतर तेथे दुचाक्या येऊन थांबतात, इंजिन चालू ठेवूनच काहीतरी देवाणघेवाण होते आणि गाड्या निघून जातात. सकाळी झाडलोट करणाऱ्या ताईंना तेथे बोटाच्या पेराएवढ्या, झिप असलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या सापडतात. त्यांत नेमके काय होते हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला, तेव्हापासून अशा पिशवीकडे पाहून पुणेकर पालकांच्या मनात पहिली शंका कोणती येते, हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात त्याच गल्लीत कोयते घेऊन आलेल्या काही मुलांनी रात्री उभ्या रिक्षा आणि मोटारींच्या काचा फोडल्या. खिडक्यांतून पाहणारे पुष्कळ होते. ज्यांच्या रिक्षा फुटल्या त्यांच्याखेरीज मात्र पोलिसांशी बोलायला कोणीही खाली उतरले नाही.

याला लोकांची बेपर्वाई म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आमच्याच इमारतीतील एका बाईंनी गेल्या वर्षी 112 वर फोन करून शेडबद्दल कळवले होते. पोलीस आले आणि वेळेत आले, हे मान्य केले पाहिजे. परंतु गाडीतून उतरलेल्या कर्मचाऱ्याने फाटकाशी उभे राहून वॉचमनला मोठ्याने विचारले, "फोन केलेल्या मॅडम कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात?" समोरच्या टपरीवर तीच मुले चहा पीत उभी होती. पुढच्या आठवड्यात बाईंच्या स्कूटरचे सीट ब्लेडने उभे फाडलेले सापडले. त्यानंतर त्या शेडचा विषय निघाला की लिफ्टमध्येसुद्धा सगळे गप्प होतात. त्या कर्मचाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. पण त्या एका प्रश्नाने आमच्या साऱ्या इमारतीचे तोंड बंद झाले.

शिवाय आपल्या जिल्ह्याला विस्मरण झालेले नाही. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमीन व्यवहारांतील गैरप्रकारांबद्दल स्वतःच्या नावाने तक्रारी करीत होते, आणि 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांची हत्या झाली. ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत अशा माणसांना "धीट व्हा, पुढे या" एवढेच सांगणारे पत्रक मला काढायचे नाही.

म्हणून विचारते. नाव न देता माहिती कळवण्याचे कोणते मार्ग खरोखर भरवशाचे आहेत, आणि कोणत्या मार्गाने नाव किंवा फोन क्रमांक कोठे ना कोठे नोंदला जातोच? अशा माहितीला कायद्यात कितपत संरक्षण आहे? निनावी अर्जाला केराची टोपलीच दाखवली जाते, या समजाला काय उत्तर द्यावे? ज्यांनी आपल्या भागात असा प्रयत्न केला असेल त्यांनी अनुभव अवश्य लिहावा.

प्रतिसाद

ताई, मी फौजदारी वकिली करतो. आपण ते वाक्य रिकामे ठेवले हे योग्यच झाले, कारण कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा थोडे कमी देतो.

भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 131 प्रमाणे, गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 68 मध्येही तशीच तरतूद आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(छ) नुसार, उघड केल्यास एखाद्याच्या जिवाला धोका पोहोचेल किंवा विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत ओळखता येईल अशी माहिती नाकारता येते. त्यामुळे ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली त्याने अर्ज टाकून आपले नाव काढून घेणे सोपे नाही. परंतु यातील सूक्ष्म भाग लक्षात घ्या. कलम 131 अधिकाऱ्याला सक्तीपासून वाचवते, त्याने मौन पाळलेच पाहिजे असे म्हणत नाही. फाटकावर मोठ्याने विचारलेल्या प्रश्नाला ते कलम अडवू शकत नाही. तेथे उपयोगी पडते ती आपल्याकडूनच घेतलेली काळजी.

112 वर फोन केल्यास आपला क्रमांक नियंत्रण कक्षात दिसतो आणि निघालेल्या गाडीवरील पोलीस त्यावर उलट फोनही करतात. समोर मारामारी चालू असेल, जीव धोक्यात असेल, तर हे योग्यच आहे आणि तेथे क्षणाचाही विचार करू नये. मात्र "मला भेटायला येऊ नका, इमारतीत चौकशी करू नका" असे त्याच फोनमध्ये स्पष्ट सांगावे. रोज चालणाऱ्या विक्रीसाठी 112 हा मार्गच नव्हे. अमली पदार्थांसाठी जुलै 2024 पासून 1933 हा राष्ट्रीय मदत क्रमांक सुरू आहे आणि तेथे ओळख न सांगता माहिती देता येते. बालकांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण आढळल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर निनावी तक्रारीची सोय आहे. आर्थिक फसवणुकीसाठी असलेल्या 1930 वर मात्र नाव आणि बँकेचा तपशील द्यावाच लागतो, कारण तेथे आपणच पीडित असतो.

जुना मार्गही विसरू नका. साधू वासवानी चौकाजवळच्या पोलीस आयुक्तालयाच्या पत्त्यावर साध्या टपालाने पाठवलेले पत्र अजूनही पोहोचते. स्पीड पोस्टला पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता लागतो, साध्या टपालाला लागत नाही.

केराच्या टोपलीबद्दल. निनावी पत्र म्हणजे फिर्याद नव्हे. प्रथम खबर अहवालावर खबर देणाऱ्याची सही लागते. सहीशिवायच्या पत्रावरून पोलीस आधी खात्री करतात, आणि तथ्य आढळले तर छापा घालणारा अधिकारीच सरकारतर्फे फिर्यादी होतो. अशा असंख्य फिर्यादी मी वाचल्या आहेत आणि "गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली" हे वाक्य त्यांत सुरुवातीलाच असते. तो बातमीदार कोण होता, हे खटला संपेपर्यंत कागदावर येत नाही. पत्र टोपलीत जाते ते बहुधा त्यात तपासण्यासारखे काही नसते म्हणून. "आमच्या भागात गैरधंदे बोकाळले आहेत" या वाक्यावर कोणी कोठे जायचे? वार, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, माल कोठे दडवतात, हे लिहिले असेल तर ते पत्र वेगळे ठरते.

काचा फोडल्याच्या प्रकरणाचे तसे नाही. तेथे न्यायालयात उभा राहणारा साक्षीदार लागतो आणि निनावी पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. साक्षीदार संरक्षण योजना 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी 5 डिसेंबर रोजी मान्यता दिली असून, त्याखालील अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो. पत्रकात हे दोन प्रकार एकत्र करू नका.

प्रतिसाद

मी काही वर्षे इंग्लंडमध्ये होते, तेथील पद्धत सांगते. निनावी माहितीचा हा प्रकार मूळचा अमेरिकेतील आल्बुकर्की शहरातला. 1976 मध्ये पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा खून झाला आणि तपास अडला, तेव्हा ग्रेग मॅकअ‍ॅलिस या पोलीस अधिकाऱ्याने घटनेचे नाट्यरूपांतर स्थानिक दूरचित्रवाणीवर दाखवून, नाव न सांगता फोन करण्याचे आवाहन केले. त्यातून धागा मिळाला. ब्रिटनमध्ये 1988 पासून क्राइमस्टॉपर्स ही धर्मादाय संस्था हे काम करते आणि ती पोलिसांचा भाग नाही, यातच तिचे बळ आहे. फोन करणाऱ्याचा क्रमांक तेथे दिसत नाही, संभाषण ध्वनिमुद्रित होत नाही, आणि मिळालेल्या मजकुरातून सांगणाऱ्याची ओळख पटेल असा प्रत्येक तपशील गाळून मगच तो पोलिसांकडे जातो.

हे गाळण्याचे काम आपल्याकडे ज्याचे त्यालाच करावे लागेल. नाव लिहिले नाही तरी "आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून शेडचे मागचे दार दिसते" असे लिहिले, तर पत्र निनावी राहिले कोठे? रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसू शकेल अशा तऱ्हेने मजकूर लिहायला हवा. छायाचित्राचेही तसेच, कारण ते ज्या कोनातून काढले आहे तो कोनच खिडकी दाखवून देतो. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर या विषयाची चर्चा मुळीच करू नका. तेथील मजकुराचे स्क्रीनशॉट कोठे जातील याचा नेम नसतो.

प्रतिसाद

सचिव महोदया, विरोधाचा एक सूर नोंदवतो, राग मानू नये. आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांविरुद्ध असेच निनावी पत्र गेले होते. चौकशीत काहीही निघाले नाही. पण पोलीस घरी येऊन गेले एवढ्यावरच घरमालकाने त्या मुलांना खोली सोडायला लावली. खरे भांडण पार्किंगचे होते. ज्याला उत्तर द्यावे लागत नाही त्याच्या हातात असे साधन देताना त्याची दुसरी बाजूही छापा. एखाद्याला त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली गुन्हा आहे, हेही रहिवाशांना कळू द्या.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून राग मुळीच आला नाही. पाहिलेलेच लिहावे, ऐकलेले असल्यास तसे म्हणावे, आणि कोणाच्या पेहरावावरून, गावावरून किंवा भाड्याने राहतो म्हणून संशय लिहू नये, हा मजकूर आता पत्रकात ठळक अक्षरांत घेत आहे. वकीलसाहेबांचे म्हणणे मानून काच-फोडीचे प्रकरण पूर्णपणे वेगळे काढले आहे. त्यासाठी तिन्ही सोसायट्यांच्या सीसीटीव्हीचे चित्रण रीतसर पत्राने, संस्थेच्या नावाने देण्याचा ठराव मांडू. संस्थेने बोलले म्हणजे एकट्या माणसावर भार येत नाही.

रिकामे ठेवलेले वाक्य मी असे लिहिले आहे, कृपया तपासावे : "112 वर फोन केल्यास आपला क्रमांक पोलिसांना दिसतो. 1933 वर नाव न सांगता माहिती देता येते. साध्या टपालाने पाठवलेल्या पत्रावर नाव लिहिण्याची गरज नाही. मात्र मजकुरावरून आपण ओळखू येणार नाही याची काळजी घ्यावी. आपले नाव कोणालाही कळणार नाही अशी हमी ही संस्था देऊ शकत नाही, म्हणून ते आम्हालाही सांगू नये."

शेवटचा भाग वाचून लोक बिचकतील, असे समितीतील दोघांचे मत आहे. माझे मत उलट आहे : त्या बाईंचे जे झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे, आणि खोटी हमी दिली तर पत्रकातील बाकीच्या मजकुरावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. याशिवाय परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना तिन्ही संस्थांच्या वतीने एक विनंतीपत्र देत आहोत, की माहिती मिळाल्यावर येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी फाटकावर किंवा वॉचमनकडे माहिती देणाऱ्याची चौकशी करू नये. अशा विनंतीपत्राचा नमुना कोणाकडे असल्यास, किंवा असे पत्र देऊन आपल्या भागात फरक पडला असल्यास, येथेच लिहावे. पत्र येत्या सोमवारी द्यायचे आहे.