जानेवारीत फिलिपाइन्स : १२ दिवसांत सिनुलोग, भातखाचरे आणि पालावान जमेल का?

दादरकर

नमस्कार. येत्या जानेवारीत मी, पत्नी आणि माझी ६८ वर्षांची आई असे तिघे फिलिपाइन्सला जाण्याच्या विचारात आहोत. भारतीय पर्यटकांना तेथे १४ दिवस व्हिसाविना राहता येते, हे कळल्यापासून ही कल्पना डोक्यातून जात नाही. जाण्यायेण्याचे दिवस धरून हाती १२ दिवस आहेत. मनात आखलेला मार्ग असा : मनिला, तेथून उत्तरेला बनावेची डोंगरउतारावरची भातखाचरे, मग सेबूचा सिनुलोग उत्सव, शेजारच्या बोहोल बेटावरच्या चॉकलेट टेकड्या आणि शेवटी पालावानमधील भूमिगत नदी. आई शुद्ध शाकाहारी आहे. तिला चालण्याची सवय आहे, पण गर्दीचे वावडे आहे. दादर स्थानकात आयुष्य काढलेल्या बाईने गर्दीला घाबरावे याचे मला नवल वाटते, परंतु ते तिच्यासमोर बोलण्याची सोय नाही. या मार्गात काय ठेवावे आणि काय गाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ठाणे पूर्व

आपल्या यादीतील प्रत्येक ठिकाण जाण्याजोगे आहे, पण ती यादी एका सहलीची नाही. या देशात ७,६४१ बेटे आहेत. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर कापायला विमानतळ, प्रतीक्षा आणि सामान यांत अर्धा दिवस सहज जातो. मनिलाहून बनावेला रात्रभराची बस आहे आणि तिचा शेवटचा टप्पा घाटाचा आहे. शिवाय जागतिक वारसा यादीत १९९५ साली नोंदलेल्या खाचरांचे जे पाच समूह आहेत, त्यांत बाताद, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान येतात. पर्यटक ज्या दृश्यस्थळांवरून छायाचित्रे काढतात ती बनावे गावाजवळची खाचरे त्यांत नाहीत. बाताद पाहायचे तर गाडीरस्ता संपल्यावर पायी उतरावे लागते आणि तेच अंतर पुन्हा चढून यावे लागते. तेथील पारंपरिक भाताला ‘तिनावोन’ म्हणतात, म्हणजे वर्षातून एकदाच येणारे. कापणी साधारण जुलैच्या सुमारास होते, त्यामुळे जानेवारीत आपल्या मनात भरलेली हिरवी-सोनेरी खाचरे दिसण्याची आशा धरू नये.

पालावानही या खेपेस सोडावे, असे माझे मत आहे. पुएर्तो प्रिन्सेसा येथील भूमिगत नदी ८ किलोमीटरहून लांब असली, तरी नेहमीच्या फेरीत नाव तिच्या थोड्याच भागात नेतात; परवाने आधी घ्यावे लागतात आणि रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असते. एवढ्यासाठी आणखी एक विमानप्रवास वाढवण्यापेक्षा सेबू आणि बोहोल निवांत पाहावे. या दोन बेटांमध्ये जलद बोटीने सुमारे दोन तास लागतात. फक्त एक सूचना : चॉकलेट टेकड्या कोरड्या ऋतूच्या अखेरीस, गवत वाळल्यावर तपकिरी होतात. जानेवारीत त्या हिरव्या असतील, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा.

वसईकर

ठाणेकरांशी मी सहमत आहे, मात्र मनिलाला केवळ विमान बदलण्यापुरते वापरू नये. इंत्रामुरोस या तटबंदीच्या जुन्या शहरात एक पूर्ण दिवस द्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या लढाईत तेथील चर्चांपैकी १६०७ मध्ये बांधून झालेले सान आगुस्तिन तेवढे उभे राहिले. वसईच्या किल्ल्यात छपरे गेलेल्या पोर्तुगीज चर्चांमधून हिंडताना आपण मनातल्या मनात ती उभी करत असतो. येथे तशीच वास्तू छतावरच्या चित्रांसह शाबूत दिसते. फरक एवढाच, की ती स्पॅनिशांची आहे. जवळच सान्तियागो किल्ला आहे. फिलिपाइन्सचे राष्ट्रनायक डॉ. होसे रिझाल यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी देहदंडासाठी जेथून नेले, त्या वाटेवर त्यांच्या पावलांच्या धातूच्या खुणा बसवल्या आहेत.

राष्ट्रीय संग्रहालयातील लागुनाचा ताम्रपट मराठी माणसाने चुकवू नये. कर्जमुक्तीचा हा लेख १९८९ मध्ये उजेडात आला. त्यावर शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी तिथी आहे. जी कालगणना आपण पंचांगात आजही वाचतो, तीच इसवी सन ९०० मध्ये त्या बेटांवर चालत होती. तगालोग या तेथील भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ आणि चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात, हे ऐकल्यावर आईंना तो देश एवढा परका वाटणार नाही.

पार्लेकर

आता सिनुलोगविषयी, कारण मूळ प्रश्न त्याच्याभोवती फिरतो. हा उत्सव जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असतो. स्पेनच्या मोहिमेवर आलेल्या दर्यावर्दी मॅगेलनने १५२१ मध्ये सेबूचा राजा हुमाबोन याच्या राणीला बाळ येशूची मूर्ती दिली आणि १५६५ मध्ये स्पॅनिश पुन्हा आले तेव्हा ती सापडली. सारी भक्ती त्या मूर्तीभोवती आहे. ‘सुलोग’ म्हणजे पाण्याचा प्रवाह. दोन पावले पुढे, एक पाऊल मागे, असा तो नाच आहे. रविवारची मोठी मिरवणूक अनंत चतुर्दशीच्या लालबागेसारखीच समजावी. काही वर्षी सुरक्षेसाठी त्या दिवशी मोबाइल सेवाही बंद ठेवली गेली होती. तेव्हा भेटण्याची जागा आधीच ठरवून ठेवा.

आईंसाठी माझा सल्ला वेगळा आहे. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी त्यांना सेबूच्या बासिलिकात, म्हणजे त्या मूर्तीच्या चर्चमध्ये, न्यावे. तेथे मेणबत्त्या विकणाऱ्या स्त्रिया गिऱ्हाइकाच्या वतीने मेणबत्ती हातात धरून, तेच पदन्यास करत नवस बोलतात. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणारे लोक पाहिलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. शनिवारी पहाटे मूर्ती नावेतून येते, ती मिरवणूकही काठावरून पाहता येते. रविवारी मात्र त्यांना बोहोललाच ठेवावे आणि आपण दोघांनी जावे.

जेवणाबाबत सावध राहावे लागेल. नुसत्या भाज्यांच्या दिसणाऱ्या पिनाकबेतमध्येही ‘बागूंग’, म्हणजे आंबवलेली कोळंबी किंवा मासळी असते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासळी, कोळंबी आणि ‘पातिस’ हा माशांचा रस यांची नावे घेऊन नकार द्यावा. भात, आंबे, केळ्याचे गोड ‘तुरोन’ आणि सकाळी फेरीवाल्याकडचे ‘ताहो’, म्हणजे पाक घातलेले सोयाचे मऊ पनीर, यांवर दिवस निघतो. थालीपीठाची भाजणी सोबत असू द्या.

दादरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पालावान आणि बनावे गाळले. मनिलात तीन दिवस, उरलेले सेबू आणि बोहोल. आईला ताम्रपटाची तिथी सांगितली, तर तिने लगेच पंचांग काढले आणि आपण तिकडे असताना संकष्टी कधी येते ते पाहिले. एकच शंका उरली : रविवारी तिला बोहोलला एकटी ठेवणे योग्य होईल का?

पार्लेकर

एकटी ठेवू नये. रविवारी पत्नीने त्यांच्यासोबत राहावे आणि मिरवणुकीला आपण एकटे जावे. आधी मात्र पत्नीला विचारा.