मदत हवी आहे: टाके न घातलेल्या जखमेचं ड्रेसिंग चिकटतंय

नवऱ्याचं माकडहाडाजवळच्या पायलोनायडल सायनसचं (कातडीखाली केस अडकून होणाऱ्या, पू धरणाऱ्या पोकळीचं) ऑपरेशन झालंय. जखम मुद्दाम उघडी ठेवलीय. वरून शिवली तर आत पू कोंडू शकतो, तळापासून भरत येऊ दे, असं सर्जननी समजावलं. ते पटलंय, त्यामुळे 'टाके का नाही घातले' ही चर्चा कृपया नको. हळद-मधाचे उपायही नकोत.

ताप नाही, वास नाही, शुगर नॉर्मल. तळ लाल, दाणेदार दिसतो, म्हणजे भरतेय. रोज सलाइनने धुऊन ओला गॉज सैल भरते, वर कोरडं पॅड. पण गॉज काढताना चिकटतो, टिपूसभर रक्त येतं आणि हा उशी चावतो. सलाइनने भिजवून थांबून पाहिलं, थोडाच फरक. अल्जिनेट ड्रेसिंगला (समुद्री शेवाळापासून बनवलेलं, जखमेच्या ओलाव्याने जेलसारखं होऊन कमी चिकटणारं) सर्जननी होकार दिलाय, मात्र इथे भांडुपला केमिस्टकडे अख्खा बॉक्सच घ्या म्हणतात. त्यात पावसाळी घामाने चिकटपट्टी संध्याकाळपर्यंत लोंबते. रोज लोकलने परळच्या ओपीडीत नेणं अशक्य, त्याला धड बसताच येत नाही.

तर अल्जिनेट सुटं कुठे मिळेल? घामात टिकणारी पट्टी कोणती? आणि भांडुप-मुलुंडला घरी येऊन ड्रेसिंग करणारी नर्स एका वेळचे किती घेते?