अंगात येणं म्हणजे आजार? मानसशास्त्राच्या नावावर काहीही खपवू नका

रानवाट:
काल इथे एकाने लिहिलं, "नवरात्रात घुमणाऱ्या बायकांना देवळात नाही, दवाखान्यात न्या. मानसशास्त्राने धर्माचा निकाल कधीच लावलाय." राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

कुठल्या मानसशास्त्राने? मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1927 मध्ये धर्माला भ्रम म्हटलं, हे खरं. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1902 मध्येच बजावलं होतं की अनुभव कुठून उगवला यावरून त्याची किंमत करू नका, त्याची फळं बघा. आयसीडी-10, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, तिच्यातली अंगात येण्याबद्दलची नोंद एफ44.3 वाचा. नको असताना येणारी आणि धार्मिक किंवा समाजमान्य प्रसंगाबाहेर रोजच्या जगण्यात घुसणारी तंद्री, तेवढीच विकारात धरली आहे. आमच्याकडे गोंधळात संबळाचा ठेका चढला की आत्या घुमते. ठेका थांबला की उठून सगळ्यांना प्रसाद वाटते. यात उपचार कशावर करणार?

खडूफळा:
निकष वाचून दाखवणं सोपं आहे. माझ्या थोरल्या भावाला कॉलेजात असताना आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी 'बाहेरचं आहे' म्हणत दर अमावास्येला एका भगताकडे नेलं. मिरच्यांची धुरी, वेताचे फटके. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला तोवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती. धुरीसुद्धा गावात समाजमान्यच होती, रानवाट!

अर्धविराम:
भावाबद्दल वाईट वाटलं. पण मिरचीची धुरी 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत आहे, तिची जबाबदारी प्रत्येक देवळावर टाकू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तामिळनाडूतल्या एका देवळात राहणाऱ्या 31 रुग्णांचा अभ्यास केला, 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 23 जणांना पॅरॅनॉइड स्किझोफ्रेनिया. सरासरी सहा आठवडे मुक्काम, औषध नाही, खास विधी नाही. लक्षणांची तीव्रता सुमारे 20 टक्क्यांनी उतरली.

खडूफळा:
31 जण! आणि तुलनेला दुसरा गट कुठाय? हा आजार आपणहूनही चढतो-उतरतो. तामिळनाडूचंच उदाहरण हवं तर दर्ग्याचं गाव एरवाडी घ्या. 6 ऑगस्ट 2001. साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत सापडले, 28 जण गेले. तेही दर्ग्याच्या आशेने आणलेले होते.

अर्धविराम:
एरवाडीचं समर्थन कोण करतंय? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडावर बंदीच आहे. पण देऊळ बंद केलंत तर माणूस जाणार कुठे? तुमच्या तालुक्यात तेव्हा मनोविकारतज्ज्ञ होता का? गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' सुरू केलं, मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतात.

खडूफळा:
नव्हता. जिल्ह्याला जायला एसटीने अर्धा दिवस लागायचा. भगताकडे जायलाही तेवढाच लागायचा, तरी आम्ही तिकडेच गेलो. दवा-दुआला माझी हरकत नाही, कारण त्यात दवा आहे. त्यापलीकडे मी काही मान्य केलेलं नाही.

मोहर:
तुम्ही तिघं देवळं आणि डॉक्टर मोजताय. घुमणाऱ्या बाईला कुणी विचारलं? आजोबांपुढे माझी आजी एरवी चकार शब्द काढत नसे. अंगात आलं की त्यांना दारूवरून खडसवायची आणि ते हात जोडून ऐकायचे. तिला आजारी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आणि रानवाट, देवीचा आधार घेतल्याशिवाय तिचं कुणी ऐकत नव्हतं, त्याला परंपरा म्हणून मिरवणाऱ्यांचाही येतो.

खडूफळा:
आजीचं पटलं. पण रानवाट, घरातल्या आईने ओळखायचं कसं, हे तुमच्या आत्यासारखं आहे की माझ्या भावासारखं? ते लिहा, एफ44.3 तिच्या काय कामाचं?

रानवाट:
ठेका थांबल्यावर माणूस पूर्वपदावर येतो का, ते बघायचं. झोप, जेवण, काम सुटलंय का? एकटा असतानाही आवाज येतात का? पूर्वपदावर आला नाही किंवा बाकीचं काहीही दिसलं तर आधी डॉक्टर, हे तुमचं म्हणणं मान्य. पण त्यासाठी माझ्या आत्याला रुग्ण म्हणायला मी तयार नाही.