टीव्ही केंद्राचा परवाना स्कूल डिस्ट्रिक्टकडे असावा का?

तरंगलांबी
१९५२ साली एफसीसीने (प्रसारणाचे परवाने देणाऱ्या केंद्रीय आयोगाने) अमेरिकेत शिक्षणासाठी २४२ चॅनेल राखून ठेवले, तेव्हा त्यासाठी पुढे आलेल्यांत शाळाही होत्या. त्यातून उरलेली मोजकी केंद्रं आजही स्कूल डिस्ट्रिक्टच्या (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) मालकीची आहेत: लॉस एंजेलिसचं केएलसीएस, लास वेगासचं व्हेगस पीबीएस, मायामीचं डब्ल्यूएलआरएन. माझं मत स्पष्ट आहे. हे परवाने स्वतंत्र ना-नफा संस्थांकडे जावेत. कॅन्सस सिटीचं केंद्र १९६१ मध्ये डिस्ट्रिक्टनेच सुरू केलं, पुढे ते स्थानिक संस्थेकडे गेलं आणि टिकलं.

मुख्य कारण खरेदीचं. ट्रान्समीटरचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर गेला की सुटा भाग त्याच आठवड्यात लागतो. डिस्ट्रिक्टचा नियम मात्र ठरावीक रकमेपुढे निविदा आणि बोर्डाची (डिस्ट्रिक्टच्या कारभारी मंडळाची) मंजुरी असा. प्रक्षेपण दहा दिवसांहून जास्त बंद राहिलं तर एफसीसीला कळवावं लागतं, तीस दिवसांपुढे विशेष परवानगी घ्यावी लागते, आणि सलग बारा महिने बंद राहिलं तर परवाना आपोआप संपतो.

खडूफळा
याला मालकी बदलायची गरज नाही. आधीच मंजूर केलेला तातडीच्या दुरुस्तीचा वार्षिक करार आणि कपाटात दोन सुटे मॉड्यूल ठेवले की झालं. सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरच्या अनेक मॉड्यूलवर चालणाऱ्या) ट्रान्समीटरमध्ये एक मॉड्यूल गेलं तर केंद्र बंद पडत नाही, फक्त शक्ती कमी होते. ट्यूबवाल्या जुन्या यंत्राचा प्रश्न वेगळा, पण तो ना-नफा संस्थेलाही तितकाच छळतो.

आणि डेटाकास्टिंग, म्हणजे टीव्हीच्या लहरींवरून फाइली पाठवणं, विसरू नका. एका चॅनेलच्या सहा मेगाहर्ट्झमधून १९.३९ मेगाबिट प्रतिसेकंद जातात. त्यातला एकच मेगाबिट बाजूला काढला तरी दिवसाला सुमारे १०.८ गिगाबाइट मजकूर पाठवता येतो, मुलाच्या घरी इंटरनेट असो वा नसो. व्हेगस पीबीएसने याच वाटेने शाळांचे नकाशे आणि कॅमेऱ्यांची चित्रं पोलिसांपर्यंत पोहोचवण्याची सोय केली. शाळा आणि अँटेना एकाच घरात असल्या की असं काम सोपं होतं.

तरंगलांबी
मग तीच क्षमता विकली कोणी? २०१७ च्या स्पेक्ट्रम (प्रसारणलहरींच्या) लिलावात केएलसीएसची जागा सोडून लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने सुमारे १३ कोटी डॉलर घेतले. आता केएलसीएस तिथल्याच केसीईटी या दुसऱ्या केंद्राच्या चॅनेलात भागीदार आहे. एमपीईजी-२ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची जुनी पद्धत) मध्ये बरा दिसणारा एक एचडी प्रवाह आठ-दहा मेगाबिट खातो. असे दोन बसवले की डेटाकास्टिंगला चिंचोळी पट्टीच उरते.

खडूफळा
परवाना गेला नाही, आणि केबल कंपन्यांना चॅनेल दाखवणं बंधनकारक करणारा हक्कही गेला नाही. शिवाय मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा डिस्ट्रिक्टने केएलसीएस, पीबीएस सोकॅल आणि केसीईटी यांच्यात वयोगट वाटून काही दिवसांत अभ्यासक्रम हवेत आणला.

चौथाखांब
त्यातली दोन केंद्रं डिस्ट्रिक्टची नव्हतीच! म्हणजे करार पुरतो, मालकी लागत नाही.

माझी खरी काळजी बातमीची आहे. २०१८ मध्ये मायामीत डब्ल्यूएलआरएनच्या बातमीदारांना स्कूल डिस्ट्रिक्टचे कर्मचारी करण्याचा प्रस्ताव आला होता. बोर्डाचं बजेट तपासणाऱ्या माणसाचा पगार बोर्डाने द्यायचा, हे मला मुळीच मान्य नाही. आणि फेडरल अनुदानासाठी बाकी केंद्रांना नागरिकांचं सल्लागार मंडळ नेमावं लागत होतं, पण त्या अटीतून सरकारी मालकांना सूट होती. जिथे प्रेक्षकांचं लक्ष सर्वांत जास्त हवं, तिथेच कायदा सैल.

खडूफळा
बातमीबद्दल सहमत. बातमी विभाग वेगळ्या संस्थेकडे द्यावा. पण करार लिहिताना जपून: कार्यक्रम, पैसा आणि नोकरभरती यांवरचं अंतिम नियंत्रण परवानाधारकाकडेच राहायला हवं. ते सुटलं तर परवान्याचं विनापरवानगी हस्तांतर ठरतं.

तरंगलांबी
न्यूयॉर्कही लक्षात ठेवा. शहराने चॅनेल ३१ वरचं डब्ल्यूएनवायसी-टीव्ही १९९६ मध्ये २० कोटी ७० लाख डॉलरना विकून टाकलं.

खडूफळा
ते चॅनेल शिक्षणासाठी राखीव नव्हतं, म्हणून व्यावसायिक ग्राहकाला विकता आलं. राखीव चॅनेलचा परवाना असा विकता येत नाही.

पेठकर
आपल्याकडे महापालिकेने असं केंद्र काढलं तर?

चौथाखांब
सध्या वाट बंद आहे. राज्य सरकारांनी प्रसारणाच्या धंद्यात उतरू नये, अशी शिफारस ट्रायने (दूरसंचार नियामकाने) केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने राज्यांना चालू शैक्षणिक चॅनेलसुद्धा प्रसार भारतीमार्फतच दाखवायला सांगितले. हे मला दुसरं टोक वाटतं. सत्तेचा हात नको म्हणून सगळं दिल्लीकडे दिलं, तर शाळेला काय मिळालं?

खडूफळा
आणि अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, ते अनुदान वाटणारी सीपीबी ही संस्था गुंडाळली गेली. अशा वेळी ज्या केंद्राची इमारत, वीज आणि अभियंत्यांचा पगार शाळेच्या खात्यातून जातो, त्याच्या पायाखाली निदान जमीन आहे.

तरंगलांबी
डिस्ट्रिक्टची पटसंख्या घटली की पहिली कात्री याच खर्चाला लागेल. म्हणून केंद्राचं खातं आजच वेगळं करा, आणि लिलाव किंवा टॉवरच्या भाड्यातून येणारा पैसा त्याच खात्यात राहील असा ठराव बोर्डाकडून करून घ्या. तेवढं झालं तर परवाना कोणाच्या नावावर आहे, यावरचा माझा आक्षेप बराच कमी होईल.