मदत हवी आहे: स्पेक्ट्रमचा अडॅप्टर गेला, गिटारच्या पेडलचा चालेल का?

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा. चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून काकांचा झेडएक्स स्पेक्ट्रम (टीव्हीला जोडायचा, ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) खाली आला. ४८ के मेमरीचा, रबरी बटणांचा. काका बोटीवर होते, त्यांनी १९८४ च्या सुमारास आणलेला.

अडॅप्टर मेलाय. काळा, विटेसारखा जड, वर ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर छापलेलं. मल्टीमीटर लावला तर शून्य. धड असता तर लोड नसताना १२ च्या आसपास दिसायला हवं होतं, कारण आत रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नाही, नुसता ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर. प्लग भिंतीतून काढून त्याच्या पिनांमध्ये मोजलं तर ओपन, सर्किट कुठेतरी तुटलेलं. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी वाइंडिंग (भिंतीकडच्या बाजूची गुंडाळी) तुटलं, असं माझं निदान. पावसाळ्यात माळ्यावर किती दमट असतं ते गोंयकारांना सांगायला नको.

आता मुद्दा. स्पेक्ट्रमची पिन उलटी असते, आत ऋण, बाहेर धन. घरात पडलेले राउटरचे अडॅप्टर सगळे आत धन. शेजारचा मुलगा बँडमध्ये गिटार वाजवतो, त्याच्या पेडलचा अडॅप्टर नेमका ९ व्होल्ट, आत ऋण, आणि पिनही चपखल बसते. (वीज न लावता बसवून पाहिली, शपथ.) पण त्यावर ५०० मिलिअँपिअर लिहिलंय. पाच मिनिटं तपासण्यापुरता चालेल का? की सरळ नवा घेऊ?

खाजनकाठ: पेडलचा नको. ५०० मध्ये भागणार नाही, व्होल्टेज खाली बसेल. स्पेक्ट्रमच्या आतल्या ७८०५ रेग्युलेटरला ५ व्होल्ट स्थिर द्यायला मागून निदान ७ तरी लागतात. ९ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस (हल्लीचा हलका, स्थिर व्होल्टेजचा अडॅप्टर) घ्या. अँपिअर जास्त असले म्हणून काही जळत नाही, मशीन हवा तेवढाच करंट ओढतं. वायर मधे कापून उलटी जोडा, श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी) चढवा. मग मीटरची लाल तार पिनेच्या आत, काळी बाहेर. उणे ९ दिसलं तरच पुढे जा.

आणि एक. या मशीनला चालू-बंदचं बटण नाही, म्हणून लहानपणी आपण सगळे पिन उपसून रिसेट करायचो. आता करू नका. पिन नीट न बसता हलली की टीआर४ ट्रान्झिस्टर जातो. खालच्या १६ के मेमरीतल्या ४११६ चिपांना ५ शिवाय १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, ते या ट्रान्झिस्टरच्या जिवावर तयार होतात. उणे ५ गेलं आणि १२ राहिलं तर चिपाही जातात. चालू-बंद भिंतीवरूनच.

तांब्याची तार: प्लग ब्रिटिश आहे का? त्याच्या पोटात फ्यूज असतो. तुम्हाला ओपन दिसतंय ते कदाचित तेवढ्यामुळेच. ट्रान्सफॉर्मरचं तेरावं घालण्याआधी प्लग उघडा.

धागाकर्ता: ब्रिटिशच आहे आणि फ्यूजचं डोक्यात आलंच नाही, लाजलो. उघडला. फ्यूज ठीक, पण त्याच्या पुढे तारांवर मोजलं तरी ओपन. म्हणजे तेरावं घालावंच लागणार.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हा ९ व्होल्ट २ अँपिअरचा घेतला. वायर कापून उलटी जोडणार म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. घरी जोडून मोजलं, उणे ९.१. तरी हात थरथरत होते. मशीनच्या सॉकेटवर शॉर्ट नाही हे आधी बघून घेतलं, पिन पूर्ण बसवली, मग भिंतीवरचं बटण. आजीच्या जुन्या टीव्हीवर यूएचएफ ३६ च्या आसपास चॅनेल फिरवत बसलो. मुंग्या, मुंग्या, आणि मग पांढरा पडदा, तळाशी © १९८२ सिंक्लेअर रिसर्च. काकांना व्हिडिओ कॉल लावला, ते काही बोललेच नाहीत, नुसते बघत होते. मग म्हणाले, "पी दाब, प्रिंट येईल."

आलं. पण ए, एस, डी, एफ, जी ही पाच बटणं मेलेली आहेत, कितीही दाबली तरी ढिम्म. बाकीची चालतात. बटणांखालच्या मेंब्रेनची पट्टी वाळून मोडली असणार. त्यासाठी वेगळा धागा काढतो.