मॉस्कोचं शून्य
कुणीतरी लिहिलंय, सोव्हिएत वेटलिफ्टर वासिली अलेक्सेयेव्ह १९८० ला मॉस्को ऑलिंपिकमध्ये शून्यावर गेला, म्हणजे कारकीर्द फुकट. अहो, असं कसं? १९७२ आणि १९७६ ची ऑलिंपिक सुवर्णं, ८० विश्वविक्रम! तेही बरेचसे अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढवलेले (बक्षीस दर विक्रमाला मिळायचं म्हणे, हुशार गडी). मॉस्कोत स्नॅचला (जमिनीवरून बार एका दमात थेट डोक्यावर) सुरुवातच १८० किलोने केली आणि तिन्ही प्रयत्न गेले. निकाल स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) मिळून लागतो; स्नॅच शून्य म्हटल्यावर एकूण वजनच धरत नाहीत.
ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या व्यायामशाळेत मीही हौसेने स्नॅचला सुरुवातीलाच ६० किलो लावले, बार डोक्यामागून गेला. फरशीचा उडालेला टवका अजून तसाच आहे. सर तेव्हा एवढंच म्हणाले, "पहिलं वजन झोपेतून उठून उचलता येईल असं लाव रे."