पट्टा कचऱ्यात कोणी टाकला?

हेवीवेट बॉक्सर लेनॉक्स लुईसने रिडिक बो याला टाळलं, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कालच नाशिकला गंगेवर (म्हणजे गोदावरीवर), रामकुंडाजवळ, मित्रांशी यावरून तासभर वाजलं. अहो, १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये लुईसने बो याला असं ठोकलं की दुसऱ्याच राउंडला रेफ्रीने लढत थांबवली! पुढे १९९२ मध्ये होलिफिल्डला हरवून बो जगज्जेता झाला, तेव्हा डब्ल्यूबीसीचा (जागतिक बॉक्सिंग परिषदेचा) अधिकृत आव्हानवीर लुईसच होता. बोने काय केलं? लुईसशी लढण्याऐवजी लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा जगज्जेतेपदाचा पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. पैशांची बोलणी फिसकटली होती, मान्य. पण बो म्हणजे होलिफिल्डशी तीनदा जीव तोडून लढलेला गडी, म्हणूनच लुईसशी त्याची ही लढत हुकल्याचं मला अजून लागतं. लुईस पुढे होलिफिल्डशी दोनदा लढला, २००२ मध्ये टायसनशीही.